महाराजांनी चुडा भरला

सावळदरी हे गाव नदीच्या वळणावर वसलेले. काठाला महादेवाचे जुने देऊळ, आणि देवळाबाहेर बेलाच्या झाडाखाली तरटे महाराजांचे आसन. अंगावर गोणपाट, म्हणजे तरट, पांघरत म्हणून लोक त्यांना तरटे महाराज म्हणू लागले. खरे नाव त्यांनी कुणाला सांगितले नाही, आणि विचारणाऱ्याला शिव्या खाव्या लागल्या. होय, महाराज शिव्या देत! हातात एक नारळ आणि मनात मागण्यांची रास घेऊन येणाऱ्या माणसाची त्यांना मनस्वी चीड होती. "नारळ फोडायचा आणि देवाला कामाला लावायचं? तो काय तुझा सालगडी आहे?" असे म्हणून ते नारळ परत भिरकावत. तरी लोक येतच. शिव्या खात, हसत घरी जात, आणि पाहतात तो अडलेले काम मार्गी लागलेले असे. अशा या महाराजांनी कासाराच्या घरावर कृपा केली, ती कथा भाविकांनी सावकाश ऐकावी. ऐकताना मधूनमधून वैताग आला तर येऊ द्यावा. जिची ही कथा, त्या बाईचा निम्मा जन्म वैतागण्यातच गेला होता.

तिचे नाव आवडाबाई. नवरा मार्तंडा कासार. नवरा व्यसनी असता, आळशी असता, तर बाईला चारचौघींत रडता तरी आले असते. मार्तंडा सुपारीसुद्धा खात नसे आणि दिवस उगवायच्या आत कामाला बसे. त्याचा दोष एकच होता, आणि तो कुणाला सांगावा तर लोक त्यालाच गुण म्हणत. तो माल निवडत असे.

भट्टीवाला दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या माळा आणून टाकी. दुसरा कुणी कासार माळ सोडतो, परातीत मांडतो आणि विकायला बसतो. मार्तंडा एकेक बांगडी बोटात अडकवी, नखाने टिचकी मारी आणि मान तिरकी करून ऐके. खणखणीत वाजली तर ठीक. जरा बद्द वाजली की काचेत बारीक चीर आहे असे समजून ती बाजूला. वाजण्यात उतरली, तर तिचा सांधा स्वतःच्या मनगटाच्या आतून फिरवून पाही. कुसळाएवढी टोच लागली तरी ती बाजूला. बाजूला म्हणजे परसातल्या फुटक्या रांजणात. ती काच भट्टीवाला मातीमोलाने परत नेई. रांजण भरत आला की आवडाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जाई.

"अवो, हिच्यात काय खोट हाय?" रांजणातली एखादी बांगडी उजेडात धरून ती विचारी. "मला तर काय बी दिसंना."

"दिसत न्हाई, ऐकू येतं."

"बायका काय बांगड्या कानात घालत्यात?"

मार्तंडा हसे आणि पुढची बांगडी उचली. त्या हसण्याने ती आणखी पेटे. भांडणाऱ्या नवऱ्याशी भांडता तरी येते, हसणाऱ्याचे काय करायचे?

बरे, निवडलेला माल तरी सुखाने विकावा! तेही नाही. एकदा गवळ्याची रखमा सणासाठी बांगड्या घ्यायला आली आणि सोनेरी मुलामा दिलेल्या बांगड्यांवर तिचा जीव जडला. चांगल्या चढ्या किमतीच्या बांगड्या. आवडाबाई आतून कान देऊन होती. आता हा माणूस हात धरतो, भरतो आणि पैसे घेतो, असे तिला वाटले.

"वैनी, ह्या नगा घेऊ," मार्तंडा म्हणाला.

"का वो दादा?"

"तुमचा हात दिसभर दुधात-पाण्यात. हा मुलामा म्हयनाभर बी टिकायचा न्हाई. त्यापरीस ह्या साध्या हिरव्या घ्या, स्वस्त बी हायेत."

रखमेचा चेहरा उतरला. तिला साध्या नको होत्या. ती "बघते" म्हणून उठली, ती थेट पेठेत बापूशेटच्या दुकानी गेली आणि तिथून तसल्याच सोनेरी बांगड्या दुप्पट दराने भरून आली. म्हणजे बाई गेली, पैसा गेला, आणि वर मुलामा उडाल्यावर तीच बाई गावभर सांगत सुटली की कासार मेले सगळे सारखेच. आवडाबाईने त्या दिवशी कपाळ बडवून घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. जगाची रीतच अशी आहे, भाविकहो. खरे सांगणारा नकोसा होतो आणि गोड बोलून नागवणारा शेट होतो!

हा बापूशेट पेठेतला मोठा कासार. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फुटणे हा शब्दच सवाष्णीच्या हाताजवळ नको. बापूशेट मिश्कीलपणे म्हणे, "बांगडी वाढते म्हणून तर कासाराची चूल पेटते. न वाढणारी बांगडी विकायची म्हणजे आपल्याच चुलीत पाणी ओतायचं!" एकदा त्याने आवडाबाईला भर बाजारात गाठून सांगितले, "वैनी, मार्तंडाला आमच्या दुकानी पाठवा. परात उचलायला माणूस लागतोच आम्हाला." आजूबाजूचे हसले. तिला तेव्हा धरणी दुभंगावी असे झाले. कारण थट्टा खरी होत चालली होती. घरात धान्याची कणगी तळाला गेली होती, आणि अशीच आणखी एक लग्नसराई गेली तर मार्तंडाला खरोखरच बापूशेटची परात डोक्यावर घ्यावी लागणार होती.

मार्तंडाला हे वेड लागले कुठून? महाराजांकडून! धंद्याच्या सुरुवातीला तो महाराजांच्या पाया पडायला गेला होता. त्या दिवशी महाराजांनी शिवी दिली नाही. त्याचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "मार्तंडा, परक्या बाईचा हात धरायची मुभा जगात कुणाला आहे? राजाला नाही, सावकाराला नाही. कासाराला आहे. बाप शेजारी बसलेला असतो, भाऊ उभा असतो, आणि बाई निःशंक हात पुढं करते. त्या हाताला दगा देऊ नकोस." एवढेच. दुसरा कुणी हे ऐकून मान डोलावून विसरून गेला असता. मार्तंडाने ते गाठीला बांधले.

त्या वर्षी देशमुखांच्या सगुणेचे लग्न ठरले. लग्नघरात आदल्या दिवशी कासार बोलावतात. नवरीला हिरवा चुडा भरायचा, आणि यजमानांच्या खर्चाने आल्यागेल्या सगळ्या सवाष्णींचे हात भरायचे. एवढे मोठे काम बापूशेटकडेच जायचे, पण सगुणेने हट्ट धरला, "मला मार्तंडकाकाच पाहिजेत." तिची आई राजसबाई देशमुखीण नाइलाजाने कबूल झाली. बाई मानी आणि जिभेची तिखट. तिने मार्तंडाला आणि आवडाबाईला ओसरीखाली उभे करून बजावले, "पोरीखातर बोलावलंय. पण परात शिगोशीग भरलेली पाहिजे. वऱ्हाडातली माणसं बघणार आहेत. अर्धी परात आणून माझी शोभा केलीस, तर मांडवातून उठवून देईन आणि बापूशेटला बोलावीन."

"माल चांगला आणीन, बाईसाहेब," मार्तंडा म्हणाला.

"चांगला बिंगला मला कळत नाही. भरलेली पाहिजे."

लग्नसराईत भट्टीवाल्याची घाई. घाईत काच नीट निवली नाही, आणि आलेल्या मालात टिचकीसरशी बद्द वाजणाऱ्या बांगड्याच फार निघाल्या. मार्तंडा एकेक बांगडी रांजणात टाकी आणि आवडाबाई दारात उभी राहून पाही. शेवटी परात अर्धीच राहिली. दुसरा माल मागवायला वेळ नव्हता.

"आता काय करायचं?" तिने विचारले.

"हायेत तेवढ्या नेऊ. नवरीचा हात भरंल, घरच्या बायकांचं बी भरंल. बाकीच्यांना मागनं."

"मागनं? अवो, ती बाई आपल्याला परातीसकट उकिरड्यावर फेकंल! बापूशेट वाट बघत बसलाय!"

"बसू दे," मार्तंडा म्हणाला, आणि हसला.

मग मात्र आवडाबाईने पदर खोचला आणि तडक नदीकाठ गाठला. महाराज लाकडे फोडत होते. तिने नमस्कारसुद्धा केला नाही.

"महाराज, तुमचं ते एक बोलणं आमच्या संसाराला इंगळासारखं लागलंय. तुम्ही सांगून मोकळं झाला आणि घर माझं बसलं!"

महाराजांनी कुऱ्हाड थांबवली नाही. "मग दुसरं सांगू?"

"सांगा!"

"जा, चूल पेटव."

"चुलीवर ठेवू काय? तुमचा उपदेश?"

कुणी दुसरे असते तर महाराजांनी ढलपी फेकून मारली असती. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. मग वैतागून म्हणाले, "आवडे, विचारायला आलीस की भांडायला? तुझ्या मनात काय करायचं ते ठरलंय. मला कशाला मधे घालतेस? जा. उद्या येतो मी देशमुखाकडं."

"तुम्हाला बलावणं हाय?"

"देव तरी कुठं बोलावल्यावर येतो!"

तिच्या मनात ठरले होते, हे खरे. ते महाराजांना कसे कळले याचा विचार करायला तिला उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंडा कालिकामातेला फूल वाहायला गेला, तेव्हा तिने परसात जाऊन रांजणात हात घातला. हिरव्या हिरव्या बांगड्या, धुतल्यावर कशा चमकत होत्या! कुणाला कळणार? कुणाच्या हाती एखादी वाढेल, तर वाढेल. बायकांच्या हातातल्या बांगड्या वाढतच असतात. बापूशेटचे जग चालते, मग आपणच तेवढे अडून बसायचे? असे म्हणत म्हणत तिने परात भरली. फडके झाकताना मात्र तिचे बोट काचेला लागले. ते तिने तोंडात धरले आणि मनातल्या मनात नवऱ्यालाच बोल लावला.

देशमुखांच्या मांडवात जाजम अंथरले होते. बायकांची ही दाटी! मार्तंडा बसला, शेजारी आवडाबाई बसली, समोर सगुणा. राजसबाई सोन्याने मढून उभीच होती. मार्तंडाने फडके काढले आणि तो थबकला. "अगं, एवढ्या कशा?" त्याने हळूच विचारले.

"एक माळ खालती राहिली हुती," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

मार्तंडाने सवयीने वरची बांगडी बोटात अडकवली आणि टिचकी मारायला नख उचलले.

"अरे, वाजवत काय बसलास?" राजसबाई कडाडली. "लग्न आहे की भजन? तुझ्या त्या टिचक्या घरी! भर लवकर, बायका खोळंबल्यात."

मार्तंडाने हात खाली घेतला. त्याने सगुणेचा हात हातात घेतला, बोटे जुळवली, आणि पहिली बांगडी उचलणार एवढ्यात मांडवाच्या दाराशी गलका झाला. गोणपाट पांघरलेले, पायांना नदीचा चिखल लागलेले महाराज बायकांमधून वाट काढत आले आणि जाजमावर धपकन बसले. सगुणेच्या पुढे.

"थांब मार्तंडा. आधी माझा हात भर."

मांडवभर हशा उसळला. राजसबाई हसली नाही. "महाराज, हा बायकांचा कार्यक्रम आहे. प्रसाद मागल्या दारी मिळेल."

"प्रसाद कोण मागतंय? मला चुडा भरायचाय. माझाही नवरा आहे."

"कोण बाई?" मागून कुणीतरी खुसखुसले.

महाराजांनी नदीकडे बोट केले. "तो काय, देवळात बसलाय. कधी उठतच नाही."

पुन्हा हशा. राजसबाई म्हणाली, "घ्या! एक वेडा टिचक्या मारतो, दुसरा वेडा बांगड्या भरून घेतो. गुरू तसा चेला!" मार्तंडा मात्र हसला नाही. त्याने महाराजांचा हात हातात घेतला. लाकडे फोडून फोडून राकट झालेला, रुंद हाडाचा हात. तो कळवळून म्हणाला, "महाराज, ह्या पोरींच्या मापाच्या. तुमच्या पंजातून जायच्या न्हाईत."

"तुझं काम भरायचं. जाईल की नाही ते बांगडी बघेल," असे म्हणून महाराजांनी डोळे मिटले, डावा हात परातीत घातला आणि चाचपून एक बांगडी काढून दिली.

काय सांगावे, भाविकहो! ती चिमुकली बांगडी त्या राकट हातातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. बायकांचा हशा आपोआप थांबला. बांगडी मनगटावर गेली, महाराजांनी हात किंचित हलवला, आणि कट्! तिचे दोन तुकडे जाजमावर पडले.

"फुटली!" महाराज म्हणाले.

"अगं बाई, वाढली म्हणा वो!" बायका कानांवर हात ठेवून ओरडल्या.

"फुटली तिला फुटली म्हणायचं. दे दुसरी." आणि दुसरीही त्यांनीच डोळे मिटून काढली. तीही मनगटावर सरकली आणि तीही तुटली. मग तिसरी. मग पुढची. परातीत चांगल्या बांगड्या वर होत्या, तळाशी होत्या, सगळीकडे होत्या. महाराजांची बोटे त्यांना बाजूला सारून नेमकी एक शोधून काढत, आणि ती तुटल्याशिवाय राहत नसे. काचेचे टोक लागून महाराजांच्या मनगटातून रक्ताची धार लागली. महाराज तोंडाने "विठ्ठल"ही म्हणेनात आणि "हाय"ही म्हणेनात. नुसते "दुसरी" म्हणत आणि स्वतःच ती शोधून देत.

आवडाबाई तुटलेल्या बांगड्यांकडे पाहत होती. दुसऱ्या कुणाला ओळखू येत नव्हत्या, पण तिने त्या आज सकाळी स्वतःच्या हाताने धुतल्या होत्या. एकेक तिची ओळखीची होती.

आता राजसबाईचा तोल गेला. "बंद करा हे! माझ्या पोरीच्या लग्नाच्या मांडवात काच सांडतेय, रक्त सांडतंय! अपशकुन! मार्तंडा, हाच तुझा खरा माल? हेच का ते टिचक्या मारून घेतलेलं? गावभर मिरवतोस, एक तरी धड आहे का यात? बापूशेटचा माल तरी घरापर्यंत टिकतो. चालता हो, आणि पुन्हा या गावात कुणाचा हात धरलास तर याद राख!"

बायका कुजबुजू लागल्या. काहींनी आपल्याच हातातल्या बांगड्या तपासून पाहिल्या. त्यांतली एकेक बांगडी मार्तंडाने भरलेली होती. इतक्या वर्षांचा विश्वास एका घटकेत जाजमावर तुकडे होऊन पडला होता.

मार्तंडाचा चेहरा मातीसारखा झाला. तो महाराजांच्या मनगटात रुतलेली काच अलगद काढत होता. मग तो उठला आणि हात जोडून म्हणाला, "बाईसाहेब, माल माझा हाय. चूक बी माझीच. म्या निवडल्या हुत्या, पण माझ्या कानांनी दगा दिला असंल."

माझीच! आवडाबाईला वाटले, बरे झाले, आता गप्प बसावे. मिटले. नवरा आळ अंगावर घेऊन मोकळा झाला. एवढ्यात महाराजांनी डोळे उघडले, ते तिच्याकडे वळले आणि अगदी हळू, तिलाच ऐकू जाईल असे म्हणाले, "आवडे, रांजणातल्या सगळ्या आल्या का, की अजून एखादी राहिली? राहिली असली तर सांग गं. पोरीच्या हाताआधी माझ्या हातात येऊ दे."

ती ताडकन उठली. रडत नव्हती, चिडलेली होती. सगळ्यांवर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

"म्या केलं!" ती ओरडली. "त्यांच्या कानाला काय बी झालं न्हाई. त्यांनी फेकलेल्या बांगड्या म्या रांजणातनं काढून परातीत घातल्या! परात भरलेली पायजे, परात भरलेली पायजे! भरली बाई परात! खरं इकलं की तुम्ही पेठंत पळता, खोटं इकलं की अपशकुन म्हणता. आमी करायचं तरी काय? आणि ह्यो माणूस, ह्यो हसतोय नुसता! येक दिस तरी माझ्यावर वरडला असता तर म्या शिकले असते..." आणि मग ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून हमसाहमशी रडू लागली.

मार्तंडा तिच्याजवळ गेला. त्याच्या तोंडावर आज हसू नव्हते. "मला सांगायचं हुतं गं," तो म्हणाला. "म्या अर्धीच परात आणली असती. मला कुठं लाज वाटत हुती?"

महाराज म्हणाले, "खोट्या संपल्या. उरल्या त्या निर्धोक आहेत. भर आता पोरीचा हात."

मार्तंडा पुन्हा जाजमावर बसला. त्याने परातीतली बांगडी उचलली, बोटात अडकवली आणि टिचकी मारून मान तिरकी केली. साक्षात महाराजांनी निर्वाळा दिला होता, तरी!

"का रे?" महाराजांनी भुवया चढवल्या. "माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर हाय, महाराज. काचंवर न्हाई."

हे ऐकून महाराज जे हसले, तसे हसताना सावळदरीने त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. बांगडी खणखणीत वाजली. पुढचीही वाजली. या खेपेला राजसबाईने त्याला घाई केली नाही. एकेक बांगडी मांडवभर वाजत होती आणि बायका श्वास रोखून ऐकत होत्या. सगुणेच्या दोन्ही हातांत हिरवागार चुडा भरला गेला, आणि एकही बांगडी वाढली नाही.

घरच्या दोघी-तिघींचे हात भरले आणि परात रिती झाली. दाटी तशीच. राजसबाई पडेल आवाजात म्हणाली, "पेठेत माणूस पाठवते. बापूशेटकडून आणते उरलेल्यांसाठी."

"नगं," मागून आवाज आला. ती गवळ्याची रखमा होती. "माझ्या हातात जुन्या हायेत, त्या राहू द्या. दादांचा माल यील तवा भरीन. म्हयना लागू दे."

"मी बी थांबते," दुसरी म्हणाली. मग तिसरी. लग्नघरात जुन्या बांगड्यांनी मिरवणे म्हणजे बायकांना केवढे संकट! पण एकही बाई पेठेच्या बाजूला वळली नाही. मार्तंडा रिकामी परातच पुसत बसला.

आपल्याकडे रीत आहे. बांगड्या भरून झाल्या की बाईने कासाराला वाकून नमस्कार करायचा. मग ती बाई केवढ्याही घरची असो. देशमुखांच्या घरात राजसबाईने ती रीत बंद पाडली होती. पैसे टाकायचे आणि उठायचे. सगुणा चुड्याचे हात सावरत उठली, वाकायला गेली आणि आईकडे पाहून अर्ध्यावरच थांबली.

"थांब पोरी," महाराज म्हणाले. "आधी मी. मीही भरून घेतल्यात ना? माझा नमस्कार राहिलाय."

आणि ज्यांच्या चरणांवर पंचक्रोशी लोळण घेई, त्या महाराजांनी काचांनी भरलेल्या जाजमावर गुडघे टेकले आणि मार्तंडा कासारापुढे मस्तक ठेवले! मार्तंडा "महाराज, महाराज" म्हणत मागे सरकला. मागे खांब होता, सरकायला जागा नव्हती. महाराज उठले ते राजसबाईकडे न पाहताच बाजूला झाले, आणि त्यांनी मनगटाला आपल्या गोणपाटाची चिंधी गुंडाळली.

राजसबाईची नजर त्या चिंधीतून पाझरणाऱ्या रक्तावर खिळली. ते रक्त आज कुणाच्या हातून सांडायचे होते, कुणाच्या हातातला चुडा मांडवात तुटून पडायचा होता, हे त्या मानी बाईला आत्ता, या क्षणी, पुरते उमगले. परात भरलेली पाहिजे असे आपणच म्हणालो होतो, हेही तिला आठवले. ती पुढे आली, सोन्याने मढलेले दोन्ही हात तिने जमिनीला टेकले आणि मार्तंडाच्या पायांशी कपाळ ठेवले. "कासारदादा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला दादा म्हटले. "माझे हात सगळ्यांच्या मागून भर. मी थांबते."

तिच्या मागोमाग सगुणा वाकली. मग आवडाबाई उठली आणि महाराजांकडे निघाली, तेव्हा महाराज खेकसले, "माझे पाय कशाला? मी काय बांगड्या विकतो? तिकडं जा!"

ती वळली. मार्तंडासमोर, सगळ्या गावाच्या बायकांदेखत, तिने वाकून नमस्कार केला आणि तशीच राहिली. बिचारा मार्तंडा पार अवघडून गेला. "ऊठ गं, ऊठ," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काचा हायेत तिथं, हाताला लागतील."